मुंगीला वाट, पालीला चिकट पुठ्ठा



ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की आपण हळदीची रेघ ओढून त्यांना दुसरी वाट दाखवतो. पाणी गाळतो. डाळीत सापडलेली अळी वाटीत घेऊन अंगणात सोडतो. आणि त्याच ओट्याखाली पालीसाठी चिकट पुठ्ठा ठेवतो. वर म्हणतो, "विष कुठे घातलंय बाई, मारत कुठे आहोत!"

त्या पुठ्ठ्यावर पाल लगेच मरत नाही. सुटायला धडपडते, कातडी सोलवटते, शेपूट तुटते, तहानेने तडफडत एखाददुसरा दिवसही जातो. मग कामवाल्या मावशी तो पुठ्ठा पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकतात. आपला हात लागला नाही म्हणून आपण निवांत! कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही शब्द पाठशाळेत पाठ केलेल्या बायका आपण. पुठ्ठा विकत कोणी आणला?

मुंगी तीन इंद्रियांची. पाल, सरडा, घोरपड हे पंचेंद्रिय तिर्यंच, शास्त्रातले भुजपरिसर्प. मुंगीसाठी एवढा जीव टाकायचा आणि पंचेंद्रियाला पुठ्ठा, याचा हिशेब मला तरी लागत नाही. किळस येते म्हणाल तर येऊ दे. किळस आणि दया एकाच घरात राहू शकतात, माझ्या घरात राहतातच. पाल विषारी असते हा समज मात्र सोडा. भारतात एकही पाल किंवा सरडा विषारी नाही. दुधात पडली तर ते दूध टाकायचेच, कारण तिच्या अंगावरून, विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात. म्हणून तिला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढेच.

आता खरा अडचणीचा प्रश्न, जो बायका मला हळू आवाजात विचारतात. आजारी पाल वाचवायची म्हणजे तिला किडे खाऊ घालायचे. एक जीव वाचवायला दहा मारायचे, ही कसली जीवदया? प्रश्न खोटा नाही. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिराच्या आवारातले आपले पक्ष्यांचे रुग्णालय नावाजलेले आहे. तिथेही शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात आणि शिकारी पक्ष्यांना उपचार करून परत पाठवतात, अशी रीत आहे. त्याच दिल्लीत घारींसाठी दोन भावांनी आपल्या घराच्या तळघरात दवाखाना चालवला. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा माहितीपट जरूर पाहा.

मला रुग्णालयाची मर्यादा समजते. पण त्या मर्यादेच्या आड लपून हात झटकणे समजत नाही. किडे आपण घालूच नयेत. दूध-भात तर मुळीच नको. काही घरांत दयेपोटी तो भरवतात आणि त्यानेच ती मरते, कारण ते तिचे अन्नच नाही. ज्यांना हे काम येते त्यांच्यापर्यंत तिला पोचवणे, हे आपले काम. त्यात आपले कुठलेही व्रत मोडत नाही.

पुठ्ठ्यावर चिकटलेली दिसली तर ओढू नका. खाण्याचे तेल कापसाने किंवा बारीक ब्रशने थोडे थोडे लावत पाय सोडवा. नाका-तोंडात तेल जाऊ देऊ नका. सुटलेल्या जागी कागद ठेवा, नाहीतर ती पुन्हा चिकटते. शेपूट तुटली तर हळद भरू नका, पट्टी बांधू नका, ती पुन्हा येते. चमच्याने पाणी तर कधीच पाजू नका. तिच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी सरळ फुप्फुसात जाते. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत सुती कापड, जागा उबदार पण उन्हाची नाही. हे थंड रक्ताचे जीव. अंगात ऊब नसेल तर खाल्लेलेही पचत नाही, म्हणून आधी ऊब आणि शांतता. पोरांना फोटो काढू देऊ नका.

घोरपडीचे वेगळे. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणे गुन्हा. उन्हाळ्यात विहिरीत पडलेली किंवा कुत्र्यांनी फाडलेली दिसली तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. येईपर्यंत कुत्री बांधा आणि बघ्यांना लांब ठेवा. शेपटीचा फटका जोराचा असतो, तेव्हा स्वतःही लांब राहा. मुलांना तानाजीच्या घोरपडीची गोष्ट रंगवून सांगतो आपण, तिच्यासाठी एवढे तरी करावे.

आणि ज्याने माझा संताप होतो ते शेवटी. लक्ष्मी टिकावी म्हणून तिजोरीत शेंदूर लावून ठेवलेली 'हाथाजोडी' काही घरांत आहे, आपल्यातल्याही. दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून ती विकतात. २०१७ मध्ये तपासण्या झाल्या आणि उघड झाले की ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या घरात, तिजोरीत, कलशाशेजारी! दिवाळीच्या सामानाच्या यादीत कुणी तो शब्द लिहिला असेल तर खोडा, आणि दुकानदाराला मोठ्याने विचारा, ही मुळी कुठल्या झाडाची?