डब्यातले 'चांगले जिवाणू' आणि बाळंतिणीची थाळी

माझ्या भाचीचे सिझेरियन झाले. तिसऱ्या रात्री बाळ खूप रडले. सकाळी त्या खासगी प्रसूतिगृहात तिला सांगण्यात आले, "तुमचे दूध पुरत नाही. शिवाय सिझेरियनच्या बाळाच्या पोटात चांगले जिवाणू नसतात. हा डबा सुरू करा, यात प्रोबायोटिक आहे." डब्याचे नाव लेटरहेडवर नव्हे, कोऱ्या चिठोऱ्यावर लिहून दिले. मुरुडला घरी येईपर्यंत दोन डबे घेऊन झाले होते. कुवेतहून नवऱ्याचा फोन आला, पैशाची फिकीर नको, सुट्टीवर येताना तिकडचा भारी डबा आणतो. तीन आठवड्यांत बाळ पुरते डब्यावर आले. "माझेच दूध खराब," असे ती अजून म्हणते.

तिचे दूध खराब नव्हते. तसे तिला पटवले गेले आणि आम्ही घरच्या बायकांनी माना डोलावल्या. म्हणून हे लिहिते आहे.

सिझेरियनने जन्मलेल्या बाळाच्या आतड्यातले जिवाणू सुरुवातीला वेगळे असतात, हे खरे. पण हे अर्धेच सत्य झाले. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात, दोनशेच्या आसपास प्रकारच्या. बाळाला त्या पचत नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी. अल्लाहने बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचीही सोय केली आहे, असे आमची नानी असती तर म्हणाली असती. डब्यात यातले मोजके जिवाणू आणि फार तर मोजक्या शर्करा. सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर होतो, आणि त्यावर उपाय म्हणजे बाळाला पुन्हा पुन्हा पाजणे. डबा सुरू झाला की पाजणे कमी होते आणि दूध खरोखरच आटते. "पुरत नाही" हे भाकीत डबाच खरे करून दाखवतो.

आणखी एक गोष्ट डबा देताना कोणी सांगत नाही. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा घातक जंतू असू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत अॅबट कंपनीचा मिशिगनमधला कारखाना याच कारणाने काही महिने बंद होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे की पावडर किमान ७० अंश गरम पाण्यात कालवावी आणि मग निववून पाजावी. पण त्या पाण्यात प्रोबायोटिकचे जिवाणूही मरतात! म्हणून अशा कित्येक डब्यांवर पाणी उकळून कोमट झाल्यावर घ्या, असे छापलेले असते. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजायचे, तो टिकवायला बाळाची सुरक्षितता कमी करायची. हा कुठला हिशोब?

प्रोबायोटिक म्हणजे सगळे थोतांड, असे मी म्हणत नाही. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. सात दिवस एक जिवाणू आणि एक शर्करा दिली, तर गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मोठी गोष्ट आहे. पण ती बाळे आईच्या अंगावर पिणारी होती. त्यांना ते आईच्या दुधाच्या जोडीला, औषधासारखे दिले होते. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जिवाणू देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये धोक्याचा इशारा दिला आहे.

आपल्याकडे कायदा आहे, १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टरांना भेटी, त्यांच्या परिषदांना पैसे, सगळे बंद. डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा चालत नाही. मुंबईच्या 'अॅकॅश' या ग्राहक संस्थेने नव्वदच्या दशकात याच कायद्याखाली नेस्लेला कोर्टात खेचले होते. जाहिरात बंद झाली आणि कोरा चिठोरा आला. आखातातून बॅगेत येणाऱ्या डब्याला तर कोण विचारणार? आमच्या किनाऱ्यावर तो अत्तर आणि ब्लँकेटच्या मानाने उतरतो.

पण कंपनीला शिव्या घालणे सोपे आहे. पहिला पिवळा चीक पिळून कोणी टाकला? बाळाला घुट्टी कोणी पाजली? तहनीकच्या नावाने शहद कोण चाटवते? वर्षाखालच्या बाळाला मधातून बॉटुलिझम होऊ शकतो, त्यात जीव जातो. मौलानासाहेबांनी जुम्म्याच्या बयानात हे एकदा स्पष्ट सांगावे.

त्याच बयानात सूरह बकराची २३३ वी आयतही पुरी सांगावी. आईने दोन वर्षे पाजावे, हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, तो भाग कमी ऐकू येतो. दूध पाजण्याला खर्च आहे आणि तो पुरुषाने द्यायचा आहे. चारशे ग्रॅमचा डबा दोन महिन्यांच्या बाळाला चार-पाच दिवस पुरतो. तेवढ्या पैशांत बाळंतिणीला रोज अंडी, अळिवाची खीर, मुशीचे कालवण मिळेल. आमच्या घरात माझी भाची बाराव्या दिवशी बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी मासळी तळत उभी होती. ताटावर बसली सगळ्यांत शेवटी. टाके ओले असताना. तेव्हा कोणाला जिवाणू आठवले नाहीत.

काही बाळांना डबा लागतोच. आई नसते, किंवा तिला एखादा आजार, एखादे औषध असते. त्या आईला कोणी बोल लावू नये. तिला फक्त ७० अंशांचे सांगा. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर कालवा आणि दोन तासांनी उरलेले ओतून द्या.

आणि तुमच्या हाती असा कोरा चिठोरा आला तर तो परत द्या. डब्याचे नाव आणि तो देण्याचे कारण लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट लिहून मागा.