नातवाचा जोडीदार
महाविद्यालयात जाणारा नातू स्नूकर शिकू म्हणतो, तेव्हा घरात पहिली शंका खर्चाची निघते. दुसरी 'क्लब' या शब्दाची. ती तेथे एकदा जाऊन आल्याखेरीज फिटत नाही. भाडे बहुधा टेबलाचे, तासाच्या हिशेबाने असते, माणशी नव्हे. जोडीदार मिळाला की खर्च निम्मा. तो जोडीदार आपणच का होऊ नये? क्यू विकत न घेता क्लबचाच वापरावा. आरंभी डाव न मांडता पांढरा चेंडू समोरच्या कडेवर सरळ मारावा. तो परत क्यूच्या टोकाशी यावा, एवढाच अभ्यास.

१२ फूट लांबीच्या टेबलाभोवती चालणे आपोआप घडते. अडचण येते ती चष्म्याची. वाकून नेम धरताना नजर काचेच्या वरच्या कडेपलीकडे जाते. डेनिस टेलर यांनी त्यासाठी खास उंच काचांचा चष्मा घडवून घेतला आणि १९८५ चे विश्वविजेतेपद शेवटच्या काळ्या चेंडूवर जिंकले! आपली काच दुहेरी असल्यास नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर वाकलेल्या स्थितीतून झटकन उठू नये. एक हात टेबलाच्या कडेवर राहू द्यावा. आणि नातवाने चूक दाखवली तर रागावू नये. निम्मे भाडे त्यानेही भरले आहे.