पॅसिफिक बेटांवर हरवलेले जवान : जपान अजून अस्थी शोधतोय, आपल्याकडं साधी विचारपूसही नाही

१५ ऑगस्टला गावोगावी झेंडावंदन होतं, माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिलं जातं, पोरांना जिलेबी वाटली जाते आणि कार्यक्रम संपतो. १९४५ साली याच तारखेला जपानच्या सम्राटानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली होती. त्यामुळं जपानमध्ये हा दिवस युद्धात गेलेल्या माणसांची आठवण काढण्याचा. तिथं ही आठवण नुसत्या भाषणावर भागत नाही. आठ दशकं उलटून गेली तरी सरकारी पथकं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर जाऊन माती चाळतात आणि आपल्या माणसांची हाडं शोधतात.

२०२५ मध्ये इवो जिमाच्या लढाईला ८० वर्षं झाली. त्या वर्षीच्या मार्च अखेरीस जपानचे तेव्हाचे पंतप्रधान इशिबा आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री हेगसेथ एकाच वेळी त्या बेटावर गेले. एप्रिलमध्ये सम्राट नारुहितो जाऊन आले. एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढंसं ते बेट. तिथं १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानचे सुमारे २१,९०० सैनिक मेले आणि अमेरिकेचे ६,८०० च्या आसपास. जपानी मृतांपैकी जवळपास निम्म्यांच्या अस्थी अजून बेटावरच आहेत, काही बुजलेल्या बोगद्यांत तर काही धावपट्टीच्या आसपास. तिथले जपानी सेनापती कुरिबायाशी यांचाही मृतदेह कधी ओळखता आला नाही. त्यांचे नातू योशिताका शिंदो जपानच्या संसदेत खासदार आहेत. म्हणजे हा विषय तिथं सत्तेच्या दारापर्यंत घरच्या नात्यानं पोचलेला आहे.

एकूण हिशेब मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानची सुमारे २४ लाख माणसं मायदेशाबाहेर मेली. त्यातल्या ११ लाखांहून अधिक जणांच्या अस्थी परतलेल्या नाहीत. बऱ्याचशा बुडालेल्या जहाजांत आहेत, त्या निघणं अवघडच. २०१६ मध्ये तिथं कायदा झाला आणि अस्थी परत आणणं ही सरकारची जबाबदारी ठरली. सगळं सुरळीत चाललंय असं मात्र कुणी समजू नये. सायबेरियातून आणलेल्या काही अस्थी जपानी माणसांच्या नव्हत्याच, हे २०१९ मध्ये उघड झालं. तज्ज्ञांनी आधीच शंका घेतली होती, खात्यानं ती दाबून ठेवली होती. सरकारी खातं म्हटलं की कुठंही थोडंफार सारखंच.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातले सुमारे ७२ हजार सैनिक आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत. तारावा बेटांवरची लढाई १९४३ च्या नोव्हेंबरात झाली. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन मरीन मेले, घाईघाईनं वाळूत पुरले गेले आणि पुढं कबरींच्या जागाच हरवल्या. २०१५ मध्ये एका खासगी संस्थेला त्यातली एक जागा सापडली. त्यात लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनीमन होते. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला हा माणूस. त्यांचा नातू क्ले बॉनीमन इव्हान्स त्या वेळी खड्ड्याजवळ हजर होता. आजोबांच्या दातांत सोन्याचं काम केलेलं होतं, त्यावरून ओळख पटायला मदत झाली. ज्या माणसाला नातवानं कधी पाहिलं नाही, त्याला तो ७२ वर्षांनी घरी घेऊन गेला.

त्याच बेटावर जपान्यांनी मजुरीला नेलेले कोरियन लोक होते. ते सैनिक नव्हते, तरी बहुतेक मारले गेले. त्यांच्यातल्या एकाच्या अस्थी डीएनए तपासणीतून ओळखल्या गेल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियात परतल्या. मजुराचीही दखल घेतली गेली, हे विशेष.

आता आपल्याकडं येऊ. पॅसिफिकची लढाई जपान आणि अमेरिकेची, आपला तिथं काय संबंध, असं कुणालाही वाटेल. सातारा-कोल्हापूरकडं, कोकणात, मराठवाड्यात ज्या घरांत दुसऱ्या महायुद्धाची आठवण आहे, तिथं नाव निघतं ते ब्रह्मदेशाचं, आफ्रिकेचं, इटलीचं. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे इटलीत लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. ‘म्हातारा जपान्यांच्या तावडीत सापडला होता’ एवढंच जिथं सांगितलं जातं, तिथं पुढची गोष्ट कुणी विचारत नाही. तो नेमका कुठं होता, हे घरातल्यांनाही ठाऊक नसतं.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या ताब्यात दिले गेले. त्या मोहिमेत मुख्यतः पंजाबी, शीख, डोगरा, गढवाली, जाट, गुरखा पलटणी होत्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही मलायात होत्या आणि या दलात मराठ्यांची भरती जुनी. यातले बरेच जण आझाद हिंद सेनेत गेले. बरेच जण गेले नाहीत. न गेलेल्यांतल्या हजारो जणांना १९४३ मध्ये जहाजांच्या तळाशी कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन बेटांवर नेण्यात आलं. काम काय, तर धावपट्ट्या बांधायच्या, जहाजं रिकामी करायची, बोगदे खणायचे. अन्न नावाला, औषध नाही. मलेरिया, बेरीबेरी, मारहाण, आणि वरून दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब. पकडलेले हे सैनिक युद्धकैदी नाहीतच, ते आमच्या बाजूला आलेले कामगार आहेत, अशी भूमिका पुढं खटल्यांत जपानी आरोपींनी घेतली. ती टिकली नाही. पण कैदी म्हणूनही ज्यांची ओळख नाकारली गेली, त्यांचे हाल कसे झाले असतील याचा अंदाज येतो.

न्यू गिनीतल्या वेवाक भागात जवळपास तीन हजार हिंदी कैदी नेले होते. जिवंत परतले फार थोडे. त्यात हिमाचलचे जमादार चिंत सिंह होते. १९४५ च्या सप्टेंबर अखेरीस ऑस्ट्रेलियन सैन्याला अंगोराम इथं जे अकरा जण मिळाले, त्यांपैकी ते एक. चिंत सिंह साक्ष देण्यासाठी मागं थांबले. बाकीचे दहा जण परतीच्या वाटेवर विमान अपघातात गेले. एवढं सोसून वाचलेली माणसं आणि शेवट असा. त्यांच्या साक्षीवर जपानी अधिकाऱ्यांवर खटले चालले. त्यांची ही कहाणी त्यांच्या मुलानं पुढं जगासमोर ठेवली.

दुसरी नोंद मंगळूरकडची, आपल्या कोकणपट्टीच्याच पुढची. जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा हे पुरवठा विभागात होते. सिंगापूरला कैद झाले, तिथून न्यू ब्रिटनवर रबौलला. सुटून आल्यावर त्यांनी सगळं लिहून काढलं आणि कागद ठेवून दिले. पन्नासएक वर्षं ते तसेच पडून होते. मुलगा रिचर्ड क्रास्टा यानं ते छापले, तेव्हा वडील म्हातारे झाले होते. मुलाच्या हाती कागद लागले नसते, तर ही साक्ष घरातल्याच कपाटात संपली असती. अशी किती कपाटं बंद राहिली असतील?

या लोकांचा विसर का पडला, याला कारण आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं दोन चौकटी तयार झाल्या. एक आझाद हिंद सेनेची, तिला गौरव मिळाला आणि तो रास्तच. दुसरी पलटणीच्या लढायांची, तिथं पदकं आणि विजय मोजले जातात. बेटांवरचे कैदी दोन्हींत बसेनात. ते नेताजींकडं गेले नाहीत आणि त्यांनी कोणतं ठाणंही जिंकलं नाही. त्यांनी शपथ मोडली नाही आणि त्याची किंमत मोजली, एवढंच. इंग्रज राज्याची शपथ होती म्हणून ती किंमत कमी ठरते का, यावर वाद होऊ शकतो. गावच्या पोराचं मरण मात्र त्या वादात पडायला नको होतं. तोंडाला कुलूप घालण्यात त्या माणसांचाही वाटा होता. उपाशीपोटी काय काय पाहिलं, ते बायकापोरांना सांगण्यासारखं नव्हतं.

सरकारच्या पातळीवर अगदीच शून्य आहे असंही नाही. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीला गेले होते आणि बोमाना इथल्या युद्ध दफनभूमीत त्यांनी हिंदी सैनिकांना आदरांजली वाहिली. इटलीत १९४४ मध्ये पडलेल्या हरियाणाच्या दोन जवानांचे स्मृतिकलश २०१९ मध्ये गावी आले. पण हे प्रसंग सुटे आहेत. जपान-अमेरिकेसारखी कायमची यंत्रणा आपल्याकडं नाही. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख हिंदी सैनिक होते आणि ८७ हजारांच्या आसपास मेले. एवढ्या मोठ्या आकड्यामागं एखादा कायमचा कक्ष असायला हरकत नव्हती.

तोवर घरच्यांच्या हातात काय आहे? मृत सैनिकांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. न्यू गिनीत लाए इथं कबरी आहेत. ज्यांची कबर नाही, त्यांच्यासाठी सिंगापूरला क्रांजीच्या भिंतींवर २४ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. अनेक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. अडचण स्पेलिंगची. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडतं, गाव जुन्या तालुक्याखाली असतं आणि आडनावच नसलेल्या नोंदी तर ढिगानं. म्हणून शोधताना नंबर हाताशी असलेला बरा. तो जुन्या पेन्शनच्या कागदावर, डिस्चार्ज बुकात किंवा पदकाच्या कडेवर मिळतो. वाचून परत आलेल्यांची माहिती पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडं विचारावी लागते. मराठा पलटणीसाठी बेळगाव, सॅपर्ससाठी खडकी.

पेन्शन न मिळालेल्या महायुद्धकालीन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दरमहा मदत मिळते, त्यामुळं नावांच्या याद्या जिल्ह्यात आहेतच. त्या याद्यांवरच्या घरी जाऊन पेटी उघडून कागद पाहायचे, फोटो काढून ठेवायचे, हे काम तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी मिळून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करू शकतात. मात्र या याद्यांत वाचलेल्यांचीच घरं आहेत. जो १९४३ च्या जहाजातून उतरलाच नाही, ज्याची बायको वाट बघून माहेरी गेली, त्याचं नाव कोणत्याच अर्जावर नाही. ते फक्त भावकीतल्या एखाद्या ऐंशी-नव्वदीच्या आजीला माहीत असतं. आणि ती आजी किती दिवस आहे, हे कुणी सांगावं?