वाट मोकळी करणारा

शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उपसलेली तलवार उभी राहते. वक्तृत्वस्पर्धेत आपण दरवर्षी घोडखिंड लढवतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण शत्रूवर तुटून पडला तोच शूर, ही समजूत मला अपुरी वाटते. ती अपुरी आहे हे मला पटवले ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी.

राणे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीला ज्यांचे केंद्र आहे त्या पलटणीतले. एप्रिल १९४८ मध्ये आपल्या फौजेला नौशेऱ्याहून राजौरी गाठायची होती. राजौरीत हल्लेखोरांच्या तावडीत सापडलेल्या नागरिकांची कत्तल होत होती, म्हणून प्रत्येक तास मोलाचा होता. वाट डोंगरातली, जागोजाग सुरुंग पेरलेली आणि पाइनची झाडे आडवी पाडून अडवलेली. एवढा अजस्र रणगाडा, पण मातीत पुरलेल्या एका सुरुंगापुढे त्याचे काही चालत नाही! त्याला वाट करून द्यायला माणूसच लागतो, आणि त्या माणसाचे दोन्ही हात सुरुंगात गुंतलेले असतात. गोळीला गोळीने उत्तर देण्याचे समाधानही त्याच्या वाट्याला येत नाही.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले; त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केले. मला नेतृत्व दिसते ते इथे. नुकतेच सोबती गमावलेल्या माणसांना त्याच मातीत पुन्हा हात घालायला लावणे नुसत्या हुकमाने साधत नाही. हुकूम देणाऱ्याचे हात आधी मातीत असावे लागतात. दुसऱ्या दिवशी ताफा निघाला तेव्हा राणे सर्वांत पुढच्या गाडीत होते.

त्या संध्याकाळी पाच मोठी झाडे आडवी आली. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. राणे अंधारातही मागे हटायला तयार नव्हते. ताफ्याच्या प्रमुखाने मात्र मुक्कामाचा हुकूम दिला. मला तोही निर्णय धैर्याचाच वाटतो. दमलेली माणसे अंधारात सुरुंगावर घालण्यात कसला पराक्रम?

रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत राणे पुढे गेले, ही कथा सर्वतोमुखी आहे. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती १० एप्रिलची पहाट. रणात चढलेला आवेश रात्रीच्या थंडीत उतरतो. तो उतरल्यावर, अंगावर जखम असताना, पहाटे पावणेपाचला उठून कालच्याच सुरुंगांपाशी जायचे! साडेसहाला ती वाट मोकळी झाली, पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. कौतुक रणगाड्यांचे झाले असते तरी चालले असते. राणे मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी अन्नाविना, विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत होते.

आजवर दिल्या गेलेल्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. राणे यांनी ते हयातीत मिळवले, आणि गोळ्या झाडून नव्हे.

११ तारखेला ते पुन्हा सहाला कामावर हजर होते. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि रात्री दहापर्यंत पुढची वाट साफ होत राहिली. १२ एप्रिलला आपल्या फौजा राजौरीत शिरल्या.