डॉक्टर आत घेतला, औषध बाहेरच राहिलं

पुंडलिकनगरच्या रस्त्यावरून संध्याकाळी दवाखान्यांच्या पाट्या वाचत चाला. बीएएमएस, बीएचएमएस, मधेच एखादा बीयूएमएस. आत काढा, माजून किंवा साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या मिळतील असं वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. तापाला इंजेक्शन, अशक्तपणाला सलाईन, सोबत तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. लोकही त्यासाठीच जातात. घाटीच्या रांगेत उभं राहायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

सरकारदरबारी याला एकात्मिक आरोग्यसेवा म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून 'आयुष'ला मुख्य प्रवाहात आणायची भाषा चालू आहे. आणलं कोणाला? १०८ च्या रुग्णवाहिकेत बीएएमएस किंवा बीयूएमएस डॉक्टर असतो, तो ऑक्सिजन लावतो. सहा महिन्यांचा कोर्स करून तोच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होतो, बीपी-शुगर तपासतो. होमिओपॅथांसाठी राज्याने २०१४ साली कायदा बदलला आणि ॲलोपॅथीच्या औषधांचा वर्षभराचा कोर्स आणला. तो केलेल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये करण्याच्या विरोधात १८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. या सगळ्या भांडणात वैद्य-हकिमांचं औषध कुठे आहे? ॲलोपॅथीची गोळी कोणी लिहायची, एवढाच वाद. 'मिक्सोपॅथी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी विचारतो, खेड्यातल्या रिकाम्या जागांवर तुमच्यातले किती जण जायला तयार आहेत?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दहावीला उर्दू असलेल्या आमच्या मुलांना यूनानीचं दार जवळचं. 'नीट'मध्ये एमबीबीएस हुकलं की पालक विचारतात, "सर, बीयूएमएस केलं तरी नावाला डॉक्टरच लागतं ना?" लागतं. पगार मात्र तसा लागत नाही. गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की आयुर्वेदाचे डॉक्टर एमबीबीएसच्या बरोबरीचं काम करत नाहीत, म्हणून समान वेतन नाही. इकडे राज्य त्यांच्याच हाती तीच औषधं देऊ पाहतं. काम सारखं नसेल तर गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का देता? सारखं असेल तर पगार का कापता?

आता थोडं आपल्या माणसांशी. यूनानी 'आपली' आहे, तिच्यावर बोट ठेवलं की कौमवर ठेवलं, असं मानणारे पुष्कळ आहेत. नावातच यूनान आहे, भाईजान! बुकरात आणि जालीनूस काही मुसलमान नव्हते. आणि ज्या इब्न सीनाचं नाव आपण अभिमानाने घेतो, त्याने 'अल-कानून'च्या दुसऱ्या खंडात औषध कसं पारखायचं याचे नियम घातले आहेत. तो अभिमान धरायचा तर पारखण्याचा आग्रहही धरावा लागेल.

हकीम अजमल खान यांनी तो धरला होता. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाला आणलं. सिद्दिकींनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' नाव दिलं. ब्रुगाडा नावाचा हृदयविकार ओळखायला हृदयरोगतज्ज्ञ आजही ते वापरतात. मी एकात्मता म्हणतो ती ही. इथे हकिमाचं औषध प्रयोगशाळेतून पार होऊन जगाचं झालं.

उलट उदाहरण मुंबईचं. तिथल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं शोधनिबंधात मांडलं. आयुष मंत्रालयाचं उत्तर असं, की वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, निष्कर्ष दिशाभूल करणारे आहेत. असेल तसं. पण कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. वनस्पती ओळखण्यात तज्ज्ञांचीही चूक होत असेल, तर घरच्या बाईने ती कशी ओळखायची? ती तपासून द्यायची सोय आपल्या सरकारी दवाखान्यात का नाही?

म्हणून मागणी करायचीच तर ही करा. यूनानी, आयुर्वेद, होमिओपॅथी, कोणतंही औषध सरकारी दवाखान्यात येण्याआधी ॲलोपॅथीच्या औषधाइतकंच तपासलं जावं. त्यात टिकेल ते घाटीतही मिळावं, न टिकेल ते खेड्यातही मिळू नये. आणि बीयूएमएस झालेल्या मुलीला ॲलोपॅथीचं काम द्यायचं असेल, तर आधी त्या कामाचं पूर्ण शिक्षण द्या, मग पूर्ण पगार द्या.