पन्नास मीटरचा नियम आणि आपल्या मुलांचे ताट

वस्तीतल्या शाळेची मधली सुट्टी झाली की फाटकासमोरच्या दुकानावर झुंबड उडते. पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, दहा रुपयांची रंगीत पेयाची बाटली. यातली बरीच मुले सकाळी उपाशीपोटी आलेली असतात. आई धुण्याभांड्याच्या कामाला पहाटेच निघून जाते आणि जाताना मुलाच्या हातावर दहाची नोट ठेवते. त्याच नोटेचा नाश्ता होतो. आम्ही वस्तीत अभ्यासिका चालवतो आणि हे रोज पाहतो. म्हणूनच शाळेतल्या खाऊच्या नियमांवर चळवळीने भूमिका घेतली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला तोंडावर विचारले, "दादा, आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती सोडून आता चिप्सवर बोलायचे का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. शाळेत शिपाई नसला की लहान भीमरावाला तहानलेले राहावे लागत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण ओंजळभर पाण्यासाठी गेलो होतो. शाळेत कोणी काय खावे, काय प्यावे आणि ते कोणी ठरवावे, हा आपल्यासाठी कधीच किरकोळ प्रश्न नव्हता.

आधी नियम काय आहे ते पाहू. शाळांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या जंक फूडविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०१५ साली न्यायालयाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाला निर्देश दिले. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर अशा पदार्थांना मनाई केली. पुढे २०२० साली केंद्रीय प्राधिकरणाने शालेय मुलांच्या सुरक्षित व संतुलित आहाराचे विनियम अधिसूचित केले आणि १ जुलै २०२१ पासून ते लागू झाले. ज्या पदार्थांत चरबी, साखर किंवा मीठ जास्त आहे ते शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. फुकट वाटायचे नाहीत. त्यांची जाहिरातही करायची नाही.

नियम चांगला आहे. पण तो लिहिताना डोळ्यांसमोर कोणती शाळा होती? उपाहारगृह असलेली. आपल्या मुलांच्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत उपाहारगृह असते कुठे? त्यांचे उपाहारगृह म्हणजे फाटकाबाहेरची टपरी. तिथे नियम पोचत नाही आणि पोचलाच तर चुकीच्या माणसावर पडतो. कारवाईची वेळ आली की पहिली उचलली जाते ती पाटी घेऊन बसलेली मावशी. तिच्या पाटीत उकडलेल्या शेंगा, बोरे, चिंचा, आवळे असतात. बहुतेक वेळा ती आपलीच बाई असते. पक्क्या गाळ्यातल्या दुकानाला मात्र कोणी हात लावत नाही आणि तिथे पाकिटांच्या माळा लटकत राहतात. उकडलेल्या शेंगांत जास्तीची साखर नाही, चरबीत तळलेले काही नाही. नियम पाकिटासाठी आहे, पाटीसाठी नाही. मावशीला हटवण्याऐवजी तिला झाकण, हात धुवायला पाणी आणि अन्नविक्रीची नोंदणी मिळवून द्या, ही आपली मागणी असली पाहिजे.

आता एक अवघड गोष्ट. आपली मुले पाकिटाकडे का धावतात? केवळ चवीसाठी नाही. आपल्या आजोबांना हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत होता. पाकीट कोणाच्या हाताने बनले हे कोणी विचारत नाही आणि पैसे दिले की ते सगळ्यांना सारखेच मिळते. बंगल्यातल्या मुलाच्या हातात जे पाकीट, तेच आपल्या मुलाच्या हातात. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यात समतेची भूक दिसते आणि त्या भुकेची आम्ही थट्टा करणार नाही. पण कंपन्यांनी ती नेमकी ओळखली आहे. पाच रुपयांत त्या मुलाला बरोबरीचा भास विकतात आणि पोटात मीठ-तेल टाकतात. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमच्यांहून जास्त. बंगल्यातला मुलगा ती पिऊन घरी दूध, अंडी, फळे खातो. आपल्या मुलाचे तेच जेवण असते. पाकीट एकच, परिणाम दोन.

हा परिणाम कोणत्या शरीरावर होतो तेही पाहा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. हीच मुले पुढे पहिलीत बसतात.

म्हणून आमचा मुख्य मुद्दा असा की, शाळेच्या दारातले वाईट अन्न बंद करायचे असेल तर शाळेच्या आत चांगले अन्न पोटभर मिळाले पाहिजे. कायद्याने प्राथमिकच्या मुलाला माध्यान्ह भोजनातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उच्च प्राथमिकला ७०० आणि २०. धान्य वगळून डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे. रंगीत पेयाच्या बाटलीपेक्षाही कमी. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या १२ ग्रॅममधली निम्मी. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे सुरू केले. न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा फळ होते, म्हणजे कोणावर सक्ती नव्हती. तरी विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी काढून घेतला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे सांगितले. ज्या वस्तीत वर्गणी जमते तिथे अंडे, जिथे जमत नाही तिथे नुसती खिचडी. ज्याला सर्वात गरज त्यालाच नाही.

इथे जात दिसत नाही असे म्हणणाऱ्याने जरा विचार करावा. चिप्सवर बंदी घालताना विज्ञानाचा दाखला दिला जातो. अंड्याची वेळ आली की विज्ञान मागे पडते आणि भावना पुढे येतात. एकाच शाळेत दोन मापे कशी? पोषणाचा निकष शरीराच्या गरजेवर ठरेल की कोणाच्या सोवळ्यावर, हा प्रश्न आपण उघडपणे विचारला पाहिजे. शिजवणाऱ्या हातांचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. आपल्या शाळेत ते पाळले जाते का, हे आपल्यापैकी कितीजणांनी तपासले आहे?

पेयांची चर्चा पाण्यापासून सुरू व्हायला हवी. नळ कोरडा, टाकी अस्वच्छ, अशी शाळा असेल तर मूल बाटली विकत घेणारच. ज्या शाळेत स्वच्छ पाणी नाही तिथे शीतपेयावरची बंदी म्हणजे तहानलेल्याला उपदेश.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उन्हात नाचणाऱ्या लहान मुलांना आपण काय वाटतो? कोल्ड्रिंक आणि वेफर्सची पाकिटे. त्या स्टॉलवर कधीकधी कंपनीचा फलकही असतो, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. आम्हीही हे केले आहे, त्यामुळे बोट दाखवायचा आव आणत नाही. या वर्षी आमच्या अभ्यासिकेने ताक, लिंबू सरबत आणि उकडलेली अंडी ठेवायचे ठरवले आहे. खर्च फार वाढत नाही. सरकारकडे शास्त्रीय निकष मागणाऱ्यांनी आपल्या विहारात तो आधी पाळावा.

तर करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असते. आपल्या बहुतेक वस्त्यांत ही समिती कागदावर असते आणि सह्या घरोघरी गोळा होतात. त्या बैठकीला आपल्या आयाबहिणींना घेऊन जा. तिथे चार गोष्टी मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याची तपासणी. भोजनाचा रोजचा मेनू आणि दर भिंतीवर. अंड्यासाठी सरकारी निधी परत सुरू करण्याचा ठराव. फाटकासमोरच्या पक्क्या दुकानांबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार, आणि पाटीवाल्या मावशीला संरक्षण. तक्रारीचे काय झाले ते महिन्याभराने माहितीच्या अधिकारात विचारा.

वरच्या पातळीवर मागणी एकच. पाकिटाच्या दर्शनी भागावर स्पष्ट इशारा हवा. २०२२ च्या मसुद्यात प्राधिकरणाने तारांकनाची कल्पना मांडली. म्हणजे साखरेने भरलेल्या पाकिटालाही एखादा तारा मिळणार आणि मुलाला तो बक्षीसच वाटणार. चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळा अष्टकोन छापायला लावला आणि ती शाळांत विकायला बंदी केली. इंग्रजीतला बारीक मजकूर आपल्या आईला वाचता येत नाही. काळी खूण तिला कळते.

शिकायला बसलेल्या मुलाच्या पोटात आधी अन्न लागते. दहाच्या नोटेचा नाश्ता करून आलेल्या मुलाला आपण 'शिका' म्हणतो, तेव्हा त्याच्या ताटाची जबाबदारीही आपल्यावर येते. पुढच्या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या शाळेची मधली सुट्टी एकदा उभे राहून पाहा आणि समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून या.

जय भीम.