पडलेला दात दुधात ठेवा

खेळताना मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडला, तर तोच दात त्याच जागी परत बसवता येतो. फलटणच्या आसपासच्या गावांत पालक सभेला बोलावलं की मी सुरुवात या वाक्याने करते, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, खरंच?’ पडलेला दात कौलावर फेकायचा, हीच आपली लहानपणापासूनची सवय. दुधाच्या दातापुरती ती ठीक आहे. सातव्या-आठव्या वर्षी आलेला पुढचा दात मात्र आयुष्यभरासाठी असतो, आणि तो वाचणार की नाही हे माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येण्याआधीच ठरलेलं असतं. ठरवणारे असतात क्रीडाशिक्षक, शेजारची काकू, नाहीतर मैदानासमोरचा चहावाला. म्हणून ही माहिती डॉक्टरांपेक्षा त्यांच्यापाशी असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

दाताच्या मुळावर एक पातळ, ओलसर अस्तर असतं. दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि जिवंत पेशी त्यात असतात. दात बाहेर पडला की या पेशी वाळायला लागतात. कोरड्या हवेत अर्ध्या तासात त्यातल्या बहुतेक मरतात आणि तासाभराने जवळजवळ काहीच उरत नाही. त्यानंतरही दात बसवता येतो, पण हाड त्या मुळाला हळूहळू खात जातं आणि काही वर्षांत दात हातातून जातो.

मागे शालेय कबड्डीच्या एका सामन्यात आठवीतल्या मुलाच्या तोंडावर समोरच्या पकडीतल्या मुलाचा गुडघा बसला. सर स्वतः त्याला मोटारसायकलवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. खिशातून त्यांनी वहीच्या कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. ‘मॅडम, अगदी स्वच्छ करून आणलाय,’ ते म्हणाले. दात खरोखर लखलखीत होता. नळाखाली धरून, ब्रश आणि पेस्ट लावून त्यांनी तो घासला होता. मुळावर ओलाव्याचा मागमूस नव्हता, बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत लागत होतं. जे जपायला हवं होतं तेच घासलं गेलं होतं. वर सामना संपणं, घरी फोन, वडील शेतातून येणं, यात दीड-दोन तास गेले होते.

सरांना मी अजिबात दोष देत नाही. जखम धुवायची, घाण काढायची, हे त्यांना शिकवलेलं होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं. दाताचा नियम वेगळा असतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगायचं काम आमचं, शिक्षण खात्याचं आणि आरोग्य खात्याचं होतं.

या मुलाला आता बरीच वर्षं काढ-घाल करायच्या प्लेटवर काढायची आहेत. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत, हाडात स्क्रू बसवून पक्का दात लावता येत नाही. सरावाला उतरण्याआधी प्लेट काढून डबीत ठेवायची, खेळून झालं की पुन्हा लावायची. पुढे इम्प्लांटचा खर्च येईल तो वेगळा, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तो खर्च किती जड असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

मग करायचं काय? आधी मूल शुद्धीवर आहे ना, उलटी किंवा चक्कर नाही ना, ते बघा. डोक्याला मार असेल तर दाताचा विचार नंतर, रुग्णालय आधी. बाकी सगळं ठीक असेल तर दात शोधा. तो उचलताना तोंडात दिसतो तो पांढरा भाग धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंद हलकेच खळबळा, घासू नका. साबण, डेटॉल, हळद यांतलं काही नको. आणि मग, धीर असेल तर, दात सुलटा धरून त्याच खाचेत हळूच बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत दाबून धरायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत हे झालं तर त्यासारखा दुसरा उपाय नाही. धीर होत नसेल, मूल फार घाबरलं असेल, तर दात थंड साध्या दुधात टाका. गावात दुधाची पिशवी कुठल्या दुकानात मिळत नाही? दूध मिळेपर्यंत मुलाला पेल्यात थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवला तरी चालतो. कागद, कापूस, कोरडा रुमाल मात्र नको. दुधात त्या पेशी काही तास तग धरतात. फलटणहून साताऱ्याला जायचं झालं तरी तेवढा वेळ पुरतो. पुढचं काम दंतवैद्याचं: दोन आठवडे बारीक तारेने शेजारच्या दातांशी बांधून ठेवणं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघणं, नंतर गरजेप्रमाणे रूट कॅनॉल. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवू नये. वर घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

हे सगळं एका पानावर मावतं. ते पान प्रत्येक शाळेत प्रथमोपचार पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असावं, यासाठी किती खर्च येईल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं शाळाशाळांत जाऊन मुलं तपासतात, त्यात किडलेले दातही नोंदवतात. त्याच भेटीत शिक्षकांसाठी अर्धा तास काढला आणि एखादा जुना काढलेला दात हातात देऊन तो कुठे धरायचा हे दाखवलं, तरी पुष्कळ होईल. वाचून जे लक्षात राहत नाही ते हाताला लक्षात राहतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरी मागणी कबड्डी आणि खो-खो संघटनांकडे. मुष्टियुद्धाच्या रिंगणात दातांवर गार्ड लावल्याशिवाय खेळाडू उतरत नाही. आपल्या मातीतल्या खेळांत मात्र तो कुणाच्या तोंडात दिसत नाही. 2014 पासून प्रो कबड्डी घराघरांत दिसायला लागली आणि साखळी पकड, झेप हे सगळं चौथी-पाचवीची पोरं करून बघायला लागली. डोकं, कोपर, गुडघा सरळ तोंडावर येतो. खो-खोत खांबावर झेप घेणाऱ्याचीही तीच गत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचा साधा गार्ड खेळाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांना तर तो हवाच. दाताला मार लागण्याचा धोका त्यांना सगळ्यांत जास्त. तालुका पातळीपासून तो सक्तीचा करावा आणि शाळेच्या क्रीडा निधीतून द्यावा.

2002 साली अँटिग्वाच्या कसोटीत चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला, आणि हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधून तो गोलंदाजीला आला, लाराला बाद केलं. मुलं मला हे अभिमानाने सांगतात, मलाही अभिमान आहे. पण त्या पट्टीने जबडा जागेवर धरून ठेवला होता, आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी तो मायदेशी परतला, हेही मुलांना सांगा. तोंडाला मार लागल्यावर दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नसतील तर जबडा मोडलेला असू शकतो, आणि तिथेच खेळ थांबला पाहिजे.

दाताची दुसरी आणीबाणी रक्ताविना येते, आणि तिची मला जास्त धास्ती वाटते, कारण ती जिवावर बेतते. आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. अशाच एका हंगामात एक बाई संध्याकाळी दवाखान्यात आली. जबड्याखाली सूज, तोंड एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. शब्द जड येत होते, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पदराने टिपत होती. ‘ताई, दाढ काढा अन् सोडा, कोपीवर लेकरं एकली हायती. उद्या खाडा पडला तर मुकादम पैशे कापतोय.’ तिच्या पिशवीत मेडिकलमधून तीनदा आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. त्याआधी मिश्री दाबून धरली होती, आणि कुणीतरी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कानातून किडे पाडून दाखवले होते.

तिची दाढ मी त्या खुर्चीत काढली नाही. दाढेतला पू जिभेखालच्या जागेत उतरला की जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. या दुखण्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. 1836 मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी त्याचं वर्णन केलं. 108 ला फोन करून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे पू काढला, शिरेतून औषधं दिली, आणि ती बरी झाली. एक रात्र आणखी कोपीवर काढली असती तर काय झालं असतं, हे मला इथे लिहवत नाही. दाताची सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, तर रात्र घालवू नका. मधुमेह असेल तर आणखीच घाई करा. अशा रुग्णात पू पसरायला वेळ लागत नाही. सुजलेल्या गालाला बाहेरून शेक देऊ नका. दुखऱ्या दाताशी डिस्प्रिनची गोळी दाबून धरू नका, हिरडी भाजते. लवंगतेलाने ठणका तासाभरापुरता कमी होतो, आत साठलेला पू तसाच राहतो. आणि दात ठणकतोय म्हणून प्रतिजैविकांचा अर्धा कोर्स घेणं तर साफ चुकीचं आहे. ठणका दाताच्या आतल्या नसेचा असतो. किडलेला भाग काढून नसेवर उपचार केल्याखेरीज तो जात नाही.

अशा बायकांना खाडा माफ व्हायला हवा, आणि कारखान्यांनी गळीत हंगामात टोळ्यांच्या तळावर आठवड्यातून एकदा दातांचा डॉक्टर पाठवायला हवा. कारखान्यांच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट नाही.

ही वेळ येऊच नये म्हणून एकच गोष्ट सांगायची तर मी सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दल सांगेन. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे की,’ म्हणून ती किडू देतात. ती कधीच पडणार नसते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जी मुलं गाल धरून येतात, त्यांच्यात ही दाढ मला वारंवार दिसते. मुलगा पहिलीत गेला की एकदा तोंड तपासून घ्या. त्या दाढेच्या खाचा वेळीच भरून घेतल्या तर पुढचं बरंच दुखणं टळतं. रात्री झोपण्याआधी ब्रश, आणि त्यानंतर दूध-बिस्किट बंद. मोठ्यांनी दातांनी सोड्याचं झाकण उघडणं, वायर सोलणं, सुपारी फोडणं सोडावं. संक्रांतीच्या कडक वडीने आणि दिवाळीच्या चिवड्यातल्या खड्याने तुटलेल्या दाढा दर वर्षी पाहते.

नेमकं त्याच दिवाळीत सगळे दवाखाने बंद असतात. रात्री ठणका लागला की ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी दुखण्याचं इंजेक्शन मिळतं आणि सकाळी या, असं सांगतात. शासनाने उपजिल्हा रुग्णालयांत रात्रीही दंतवैद्य बोलावता येईल अशी सोय करावीच. पण त्याची वाट बघत बसायची गरज नाही. एका तालुक्यातल्या आम्ही दंतवैद्यांनी रविवार आणि सणांच्या पाळ्या वाटून घेतल्या, आणि कुणाची पाळी कधी याचा कागद प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर लावला, तर माणूस चौथी पट्टी घेण्याऐवजी आमच्याकडे येईल. इंडियन डेंटल असोसिएशनच्या शाखांनी हे काम या दिवाळीपासूनच हाती घ्यावं, असं माझं माझ्या व्यवसायबंधूंना सांगणं आहे.

आणि मुख्याध्यापकांना विनंती: तालुका स्पर्धांना संघ पाठवण्याआधी क्रीडाशिक्षकांना हा लेख वाचायला द्या, त्यांच्या पिशवीत दोन गार्ड जास्तीचे ठेवा, आणि मैदानाजवळ दूध कुठे मिळतं ते विचारून ठेवायला सांगा.